सिमेंटखालची भिंत

माझ्या धाकट्या भावाला सिमेंटचं भारी कौतुक. सांगलीला एका कार्यालयात नोकरी लागली, विश्रामबागेत खोली घेतली, आणि पहिल्याच दिवाळीला लोणंदजवळच्या आमच्या गावी तो आला तो सिमेंटची पोती घेऊनच. आमचं घर कच्च्या विटांचं, आई-वडिलांनी लग्नानंतर स्वतःच्या हातांनी उभं केलेलं. भावानं मधल्या खोलीच्या भिंतींना आतून सिमेंटचा गिलावा करून घेतला. तेव्हा आम्ही सगळेच हरखलो होतो, खोटं कशाला बोला. आई तर आल्यागेल्या बाईला भिंतीला हात लावायला लावायची. "बग, कसं गुळगुळीत हाय."

पण मातीची भिंत पावसाळ्यात ओल धरते आणि उन्हाळ्यात सोडते. सिमेंटनं तिची वाटच बंद केली. दोन पावसाळ्यांत गिलावा फुगला आणि स्वयंपाकघराकडच्या भिंतीला माळ्यापासून जमिनीपर्यंत तडा गेला, बांगडी सरकेल एवढा रुंद. त्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. एका सकाळी ती खिळ्यासकट खाली आली. काच वाचली. आईनं तसबीर पुसून ट्रंकेवर ठेवली.

भाऊ आला, गवंड्याला घेऊन आला. गवंड्यानं थापीची मूठ भिंतीवर आपटली. बदबद आवाज आला. "भिंत गेली," तो म्हणाला आणि चहा पिऊन निघून गेला.

भावाला तेवढंच हवं होतं. घर पाडायचं, जागा विकायची, आईनं विश्रामबागेत राहायचं, असं त्यानं उभ्या उभ्या ठरवून टाकलं.

"आणि मी?" मी विचारलं. जतकडचं सासर कायमचं सोडून मी माहेरी आले होते आणि गावच्या बालवाडीत शिकवत होते.

त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "तुझं बघू काहीतरी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय जुना पाट होते, कुठल्यातरी कोपऱ्यात बघून ठेवायला? आईकडं पाहिलं, तर ती पातळांच्या घड्या घालायला लागलेली. भाऊ सांगलीला गेला. पावसाळा सरला की येऊन घर खाली करतो म्हणाला.

मी शेजारून छिन्नी-हातोडा मागून आणला. गवंड्यानं वाजवलं होतं ते सिमेंट. भिंतीला कुणी विचारलंच नव्हतं. ती खरंच गेली असेल तर माझ्या डोक्यावर पडू दे, पण आधी मी बघणार. बसायच्या मोढ्यावर चढले आणि तड्याच्या कडेला छिन्नी लावली.

"आगं, काय करतीस? घर पाडतीस का काय!" आई ओरडली.

"तुमी पाडणारच हाय की. मी जरा आधी पाडती."

भाकरीचा पापुद्रा सुटावा तसं सिमेंट सुटलं. त्याच्यामागं माती ओली होती, कुबट वास मारत होती, पण विटा जागच्या जागी होत्या. खाली मातीतला खरा तडा दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यावर, फक्त वीतभर. स्वयंपाकघराच्या बाजूनं जाऊन पाहिलं, तिकडं त्याचा मागमूस नव्हता. आणि सगळ्या भिंतीभर बोटांचे अर्धगोल उमटलेले, आईनं लिंपताना ओढलेले. मी आईला हाक मारली नाही. रागच तेवढा होता.

भिंत वाळू दिली. मग गावठाणाची पांढरी माती आणली, तिच्यात गव्हाचा भुसा आणि शेण घातलं, पायांनी तुडवली आणि गोणपाटाखाली मुरवत ठेवली. घरभर आंबूस वास सुटला. येणारे-जाणारे दारातून डोकावून विचारायचे, "शिमीट काढून चिखुल लावतीस व्हय?" मी म्हणायची, "व्हय. लावायचाय तुमच्याबी भिंतीला?"

पण पहिल्यांदा माती भरली ती पातळ झाली. वाळताना आकसली आणि जुन्या तड्याशेजारी नवीन बारीक भेगांचं जाळंच झालं. मी मोढ्यावर बसून त्याच्याकडं बघत राहिले. रडू येत होतं आणि ते मला येऊ द्यायचं नव्हतं.

आई इतके दिवस सांगलीला जायची पिशवी भरून माझ्याशी अबोला धरून बसली होती. ती उठली, भेगांवरून अंगठा फिरवला आणि पदर खोचला.

"असली पातळ माती भरत्यात व्हय? सर खाली. मेलं, सासरी काय शिकवलं न्हाई तुला." तिनं ती माती खरवडून काढली, तड्यावर पाणी शिंपडलं, घट्ट गोळा घेतला आणि अंगठ्यानं आत दाबत दाबत वर गेली. तोंड चालूच होतं. मला, जतकरांना, सिमेंटला, सगळ्यांना मिळून शिव्या. मला इतकं बरं वाटलं. मग सगळी भिंत आम्ही दोघींनी लिंपली. तिच्या अर्धगोलांशेजारी माझे आले, जरा वाकडे.

पाऊस आला तसा गेला. भिंत ओली झाली, वाळली, तडा उघडला नाही.

भाऊ ठरल्याप्रमाणे आला. चपला काढता काढता त्याला मातीची भिंत दिसली आणि तो चिडला. "एवढं चांगलं सिमेंट काढलं?" त्यानं भिंतीवर मूठ आपटली. आवाज भरीव आला. पुन्हा आपटली, या टोकाला, त्या टोकाला. मग म्हणाला, "आये, तुजी पिशवी कुठं हाय?"

आई माळ्याखालून ट्रंकेकडं गेली. तसबीर पदरानं पुसली, मी पुढं केलेला खिळा घेतला आणि स्वतः ठोकला, चौकटीच्या कोपऱ्यावर, बरोबर तड्याच्या जागी. खिळ्यानं धरलं. तसबीर लावून ती मागं सरकली.

"मी हितंच राहती," ती म्हणाली. "हिच्यासंगं."

भावानं भिंतीवरचा हात काढला. मग माझ्याकडं वळला. "आये म्हातारी हाय, तिचं एक ऱ्हाऊ दे. पर तुझं मी बघनार हुतो की काहीतरी."

"माझं मी बघितलंय," मी म्हणाले. "तू चहा घे."