एरंडेलाचं विमान

चिमूटभर तपकीर आधी डाव्या नाकपुडीत, उरलेली उजवीत, आणि मग दोन्ही बोटं गुडघ्याजवळ धोतराला पुसायची. आमच्या शाळेतले शास्त्राचे मास्तर वर्गात शिरण्याआधी, वर्गातून निघताना आणि कुणी अडचणीचा प्रश्न विचारला की एवढं करायचेच. धोतरावर त्या जागी कायमचा डाग पडला होता. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्या शेजारची खुर्ची सहसा रिकामी असते. शिक्षकांच्या खोलीत ती खुर्ची माझ्या वाट्याला आली होती.

बाळांनो, तुम्ही रेडिओवर चालणारं मोठं विमान पहिल्यांदा उडवलंत, त्याची तुम्ही पाठवलेली फिल्म पाहिली. कापलेलं हिरवं गवत, तुमचे पांढरे बूट, सगळं कसं स्वच्छ. मला मात्र बसल्या जागी एरंडेलाचा वास आला आणि मळमळलं.

जालन्यात मी इंग्रजी शिकवत होते तेव्हाची ही गोष्ट. निजामी जाऊन फार वर्षं झाली नव्हती. मास्तर लढाईच्या काळात पलटणीत वायरलेसचं काम शिकून आले होते. हैदराबादच्या जुन्या बाजारातून त्यांनी लष्करी भंगारातले रेडिओचे व्हॉल्व्ह आणले, कुठून तरी एक छोटं इंजिन मिळवलं आणि प्रयोगशाळेत विमान बांधायला घेतलं. बांबूच्या कामट्या, पांगाऱ्याचं हलकं लाकूड, वरून जुनं रेशीम. पंख बाजेहून लांब.

सांगाडा चिकटवायला ते स्टोव्हवर सरस उकळत. कातड्याचा तो सरस उकळला की वासाने जेवणाचा डबा उघडणं अशक्य व्हायचं. इंजिनाला लागायचं ईथर, रॉकेल आणि एरंडेल. लहानपणी दर महिन्याला नाक दाबून जे आमच्या घशात ओतलं जायचं, तेच एरंडेल इथे जळून धूर व्हायचं आणि भिंतीवर, वह्यांवर, माझ्या इस्त्रीच्या पातळावर बसायचं. मी हेडमास्तरांकडे तक्रार केली. एकदा नाही, अनेकदा केली. मास्तरांना त्याचा राग नव्हता.

"नाक धरा बाई, पण बघा. उडंल ते. बिलकुल उडंल."

शेवटी हेडमास्तरांनी निकाल दिला: येत्या रविवारी उडालं, तर शाळेतली मागची खोली मास्तरांना कायमची द्यायची, नाही उडालं, तर सोमवारी सगळं सामान शाळेबाहेर. मास्तरांचा सगळा जीव त्या रविवारात गोळा झाला.

गावाबाहेरच्या माळावर बरीच माणसं जमली. निघताना बायकोने मास्तरांना शपथ घातली होती. शुभ कामाच्या आरंभी शिंक नको, म्हणून विमान जमीन सोडेपर्यंत तपकीर ओढायची नाही. मास्तरांनी ती पाळली. सकाळपासून नाक कोरडं. ट्रंकेएवढी रेडिओची पेटी जमिनीवर, आणि वायरच्या टोकाला त्यांच्या हातात एकच बटण. एकदा दाबलं की विमान डावीकडे वळायचं, सोडलं की सरळ, पुन्हा दाबलं की उजवीकडे. क्रम चुकू नये म्हणून मास्तर स्वतःशी "डावा, उजवा" म्हणत होते.

शाळेच्या शिपायाने धरून ठेवलेली शेपटी सोडली. एरंडेलाचा फवारा हेडमास्तरांच्या कोटावर उडवत ते धूड माळावरून धावलं आणि वर गेलं. खरंच गेलं. बाभळींच्या वर चढून वळलं, आमच्या डोक्यांवरून सरळ गेलं, पुन्हा वळलं. उन्हात रेशमातून कामट्या दिसत होत्या. मी तोंडावरचा पदर खाली घेतला होता, हे मला नंतर कळलं.

जमीन सुटली तशी शपथही सुटली. मास्तरांनी आभाळातली नजर न काढता दुसऱ्या हाताने डबी उघडली आणि दिवसभराची तपकीर एकदम ओढली.

तपकिरीची शिंक कधी एकटी येत नाही. एकामागून एक शिंका, आणि दर शिंकेला बटणावर अंगठा. डावा कुठला आणि उजवा कुठला, याचा मेळ राहिला नाही. विमान आभाळात पिसाळल्यासारखं वळत नाल्याकडे गेलं, तेल संपलं, आवाज थांबला आणि ते अलगद खाली उतरलं. सगळं गाव पहाटे लोटा घेऊन जिकडे जायचं, तिथेच.

माणसं हसून हसून खाली बसली. मास्तर धोतर न खोचता आत गेले. बाहेर आले ते विमान दोन्ही हातांनी डोक्यावर धरून. पंखांवरून काय ओघळत होतं ते मी लिहीत नाही. गर्दी आपोआप फाटत गेली.

"मास्तर, ही काय घाण," हेडमास्तर म्हणाले, "याला उडणं म्हणत नाहीत, पडणं म्हणतात."

"घाण हाय, कबूल," मास्तर म्हणाले. "उडालं का न्हाई, ते बोला."

हेडमास्तर माझ्याकडे वळले. सगळ्या तक्रारी माझ्याच, म्हणून माझा शब्द अखेरचा, असं ते म्हणाले. मास्तर माझ्याकडे पाहत होते. पंखावरून एक थेंब त्यांच्या कपाळावर आला, तोही त्यांनी पुसला नाही. मला उमासे येत होते. तोंड उघडलं तर काय बाहेर येईल, याची खात्री नव्हती.

"उडालं," मी पदरातून म्हणाले. "चांगलं उडालं. आणि आता ते आधी धुवा."

मागची खोली त्यांना मिळाली. विमान धुऊन त्यांनी आढ्याला टांगलं. पुढचं विमान अर्धवट असतानाच एका हिवाळ्यात ते तापाने गेले. ती खोली कोठीसाठी रिकामी करायचं काम माझ्याकडे आलं. सरसाची भांडी मी फेकून दिली, फरशी फिनाईलने धुऊन घेतली. आढ्याचं विमान काढायला शिपायाने शिडी लावली, तेव्हा तेवढं राहू दे म्हटलं. खोलीतला वास काही गेला नाही.

आजही कुठे एरंडेल तापलं की मी आधी नाक धरते. मग वर बघते.