सोनेरी दस्ता

"काका, डोळे मिटा," सलीमभाई म्हणाला.

काउंटरवर माधवकाकांचीच बंदूक होती आणि तिच्यावर माझा लाल टॉवेल. सलीमभाईनं टेबलावर ढोल वाजवायला घेतला. सुभेदारसाहेब हसू दाबून मिशा कुरवाळत होते. टॉवेल ओढण्याचा मान माझा.

पण आधी हे नाटक कशाचं, ते सांगतो.

नांदेडात माझं बंदुकांचं दुकान आहे. परवाना असलेल्यांना बंदुका विकायच्या, त्यांच्या दुरुस्त करायच्या, आणि निवडणूक आली की सांभाळायच्या. आचारसंहिता लागली की हत्यार जमा करावं लागतं, पोलीस ठाण्यात किंवा आमच्यासारख्या दुकानात. पावती घ्यायची, निकाल लागला की बंदूक परत न्यायची. त्या काळात माझं दुकान म्हणजे बंदुकांचं वसतिगृह असतं. पालक भेटायला येतात, चहा पितात आणि जाता जात नाहीत.

या वेळी पालकांना टीव्हीनं धरून ठेवलं. हिंदीत बोलणारा एक विदेशी रिॲलिटी शो लागायचा. एक कारखाना गिऱ्हाइकाच्या फर्माइशीप्रमाणे बंदुका बनवतो. कुणाला कवटी हवी, कुणाला ड्रॅगन. शेवटी गिऱ्हाईक डोळे मिटून उभं राहतं, कापड ओढलं जातं आणि ते आनंदानं किंचाळतं.

ट्रान्सपोर्टवाला सलीमभाई या शोवर फिदा. "शेठ, मेरेकू ऐसीच होना!"

"नळीला हात लावला तर मी आत जाईन आणि तूही," मी म्हणायचो. नळी कापणं, नंबर घासणं, सगळा गुन्हा. आमचं कस्टम काम म्हणजे तेल आणि पॉलिश.

सुभेदारसाहेब सैन्यातून निवृत्त. त्यांचा रक्तदाब प्रत्येक एपिसोडला वाढायचा. "अरे चापावर बोट! कॅमेरावाल्याकडं नळी! माझ्या पलटणीत असता तर पाठीवर सामानाचा पिट्ठू देऊन पळवला असता."

आणि तिसरे माधवकाका. शेती हिमायतनगरकडं, रानडुकरांचा उच्छाद, म्हणून वडलांच्या वेळेपासून घरात एकनळी बंदूक. आता सुनेजवळ नांदेडात राहायचे. ठरलेला रिक्षावाला त्यांना हात धरून पायरीवर चढवायचा. वयामुळं असेल, असं आम्हाला वाटायचं. मोतीबिंदू काढलाय म्हणून काळा गॉगल. बसायचे अगदी टीव्हीजवळ. पण शेरे असे मारायचे की आम्ही चहा सांडायचो.

"हा आवाज बाराबोअर बंदुकीचा न्हाई. मागून टाकलाय. समदी लबाडी हाय."

एकदा पडद्यावर सोन्याचा मुलामा दिलेली बंदूक आली. सलीमभाई ओरडला, "काका, पूरी सोने की!"

काका म्हणाले, "रानडुकराला दागिने दाखवायला चाललाय का?"

तेव्हापासून सलीमभाईच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. सोन्याला इतकं हसतात, तर काकांच्याच बंदुकीला सोनं चढवू. मोटारसायकलला नंबर चिकटवणाऱ्याकडून त्यानं चकचकीत सोनेरी स्टिकर आणला. दस्त्यावर, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या लाकडावर, आम्ही तो चढवला. काढला की लाकूड जसंच्या तसं. देवळातल्या दानपेटीसारखी चमकत होती बंदूक. काका किती शिव्या देतील, यावर आमची पैज.

"काका, उघडा डोळे!" मी टॉवेल ओढला.

काकांनी हात पुढं केला. चाचपून बंदूक घेतली. मोडली, म्हणजे नळी खाली पाडून उघडली, आणि आत बोट घालून रिकामी आहे ना ते पाहिलं. असं ते नेहमीच करायचे. इतर लोक डोळ्यांनी बघतात, हे त्या क्षणी पहिल्यांदा माझ्या ध्यानात आलं. मग त्यांनी दस्त्यावरून पंजा फिरवला.

"पॉलिश लई गुळगुळीत केलंस, शेठ. पण अक्रोडाच्या लाकडाचा रंग तसाच ठेवलास, बरं केलंस. माझ्या बापाच्या टायमाला असाच दिसायचा."

सलीमभाईचा ढोल थांबला. सुभेदार खाली बघायला लागले. टीव्हीवर कुणीतरी आनंदानं किंचाळत होतं. मी तो बंद केला. तेच चुकलं. कानाचे तिखट होते काका.

"का गप झालात?"

सलीमभाईनं माझ्याकडं बघितलं.

"काय लावलंय रे?"

"सोनेरी कागद, काका," मी म्हणालो.

काका हसले. "मग रानडुकरं आता लग्नालाच येतील."

आम्हाला हसता आलं नाही.

मग त्यांनीच सांगितलं. मोतीबिंदू नव्हता, काचबिंदू होता. त्यात गेलेली नजर परत येत नाही. घरी माहीत होतं, बाहेर कुणाला नाही. परवान्याचं नूतनीकरण तोंडावर होतं. नजर गेलेली कळली तर परवाना जाणार, आणि परवान्याशिवाय बंदूक भिंतीवर शोभेलासुद्धा ठेवता येत नाही. मुलगा नोकरीसाठी पुण्याला, त्याला ती नको. काकांना डुकरं मारायची नव्हती. ती घरात आहे, एवढंच त्यांना हवं होतं.

"साहेब, कुणाला सांगू नका. म्या काय चालवून राहिलो का?" ते सुभेदारांना म्हणाले.

सुभेदारांनी त्यांचा हात धरला. "काका, मी काय बोलू?"

काकाच मान हलवत म्हणाले, "न्हाई. तुमाला खोटं बोलायला लावत न्हाई."

निकालानंतर सगळे आपापल्या बंदुका घेऊन गेले. काका पावती घेऊन आले. स्टिकर मी कधीच काढला होता, लाकूड तेल लावून पुसलं होतं. त्यांनी बंदूक मोडली, बोट घातलं, मिटली.

"रिकामी हाय," म्हणाले आणि ती माझ्याकडं सरकवली. "परत न्हाई न्यायची. विकायचा अर्ज लिही. सही कुठं करायची तिथं माझं बोट ठेव."

मी ठेवलं. सही सरळ आली, अगदी ओळीवर.

त्यानंतर काका आले नाहीत. सलीमभाई दोनदा घरी जाऊन आला. "झोपलेत," असं सुनेनं सांगितलं. शोचे नवे भाग सुरू झालेत म्हणे. दुकानात कुणी लावत नाही.

आमच्या धंद्यात नवशिक्याला पहिल्यांदा एकच गोष्ट शिकवतात. हातातली बंदूक भरलेलीच आहे असं धरून चालायचं. चेष्टेचंही तसंच आहे, पण तिला परवाना लागत नाही.