नारळावरच्या घारीचा फोटो

सव्वीस जानेवारीला आमच्या घोडपदेवच्या चाळीत सार्वजनिक सत्यनारायण असतो. आम्ही बौद्ध, त्यामुळे पूजेत आमचा वाटा नाही. सकाळचं झेंडावंदन वडिलांकडे, आणि संध्याकाळची आरती आटोपली की भजनी मंडळी येईपर्यंतची वीस मिनिटं माझ्याकडे. पहिल्या मजल्याच्या कठड्याला पांढरी चादर बांधायची, शाळेतून मागून आणलेला प्रोजेक्टर खाली स्टुलावर ठेवायचा आणि वर्षभरात मी काढलेले प्राण्यापक्ष्यांचे बारा आवडते फोटो दाखवायचे.

मी शाळेच्या प्रयोगशाळेत काम करते आणि रविवारी कॅमेरा घेऊन फिरते. जेवायच्या वेळेला घरी परतता येईल एवढंच माझं जंगल. शिवडीच्या चिखलातले रोहित पक्षी, माटुंग्याची वटवाघळं, अँटॉप हिलचं मुंगूस. दरवर्षी कोणीतरी विचारतंच, "वाघ नाय काय?" वाघ बघायचा तर राणीच्या बागेत जा, असं मी माइकवरून सांगते. माझा स्वभाव चाळीला ठाऊक आहे.

यंदा मात्र ती वीस मिनिटं मला करमणुकीसाठी नको होती. चौकातल्या नारळावर घारीचं घरटं होतं आणि ते मला वाचवायचं होतं.

झालं होतं असं. आमच्या मजल्यावरच्या मालवणी काकी बाजारातून बांगडे घेऊन येत होत्या. चौकात घारीने वरून झेप घेतली. पिशवी फाटली, बांगडे फरशीवर पसरले आणि काकींच्या मनगटाला चार टाके पडले. त्याआधी आणखी दोघांच्या हातातलं तिने असंच पळवलं होतं. चाळ भडकली, आणि सेक्रेटरींनी उपाय काढला. दरवर्षी नारळवाला येऊन नारळ आणि सुकलेल्या झावळ्या उतरवून जातो, नाहीतर ते कोणाच्या डोक्यात पडतील. "यंदा सत्तावीसला येतोय. त्यालाच सांगू, घरटं पण उतरव." घरट्यात पिल्लं आहेत, ते कायद्याने काढता येत नाही, असं मी म्हटलं. "कायदा काय नारळावर चढून बघायला येतोय?" ते म्हणाले. शेवटी ठरलं, की सव्वीसला सगळे जमतीलच, तेव्हा हात वर करून निकाल लावायचा.

मी रोज गच्चीवरून लेन्स लावून बघत होते. दोन पिल्लं होती, पिंजलेल्या कापसासारखी. भेटेल त्याला मी एकच सांगत होते, पिल्लं असली की घार चिडते, त्यात तिचा काय दोष? इतकं ठासून सांगत होते की माझा मलाच विश्वास बसायला लागला होता.

त्या दिवशी बारांतले सहा फोटो मी घारीच्याच संसाराचे ठेवले. काट्या आणणारा नर, अंड्यांवर बसलेली मादी. एका फोटोत घरट्याच्या काठाला लाल मोजा लोंबत होता. "सापडला रे माझा मोजा!" दुसऱ्या मजल्यावरून कोणीतरी ओरडलं आणि सगळा चौक हसला. मला वाटलं, जिंकले.

बारावा फोटो माझा सगळ्यात आवडता. दिवाळीच्या जरा आधीचा. घार सरळ आमच्या गॅलरीकडे येते आहे, पंख पूर्ण उघडे, पाय पुढे काढलेले आणि डोळा थेट बघणाऱ्यावर. चाळीतल्या निम्म्या लोकांनी तो आपल्या डीपीला लावला होता.

चादरीवर तो उमटला. मग सेक्रेटरी उठले. "बघा. नखं बघा. हातच्या काकणाला आरसा कशाला? काकींचा हात बघा आणि हा फोटो बघा." पहिल्या रांगेत काकी खुर्चीवर बसल्या होत्या, मनगटाला पांढरं बँडेज. माझ्या हाताने मी घरट्यावर धोंडा घातला होता. "घरटं उतरवायचं, त्यांनी हात वर करा," सेक्रेटरी म्हणाले, आणि हात वर व्हायला लागले.

पिल्लांसाठी चिडलेली घार माणसाच्या डोक्यावर येते. ही पिशवीवर येत होती. मला हे पहिल्या दिवसापासून कळत होतं, आणि का, तेही कळत होतं. त्या क्षणी गप्प राहिले असते तर माझा फोटो वाचला असता, माझी वट वाचली असती आणि दुसऱ्या दिवशी दोन पिल्लं मेली असती.

"हात खाली घ्या," मी माइकवर म्हटलं. आवाज नको तेवढा चढला. "या फोटोत माझा डावा हात दिसत नाही. त्या हातात सुरमईचं डोकं आहे."

मग सगळं सांगितलं. नारळी पौर्णिमेनंतर मासळी सुरू झाली तेव्हापासून दिवाळीपर्यंत दर रविवारी मी गॅलरीतून तिला डोकी दाखवत होते. आधी हवेत फेकायचे, ती झेलायची. मग कठड्यावर ठेवायचे. शेवटी ती हातातून न्यायला लागली आणि मला हवा तो फोटो मिळाला. "माणसाच्या पिशवीत मासा असतो आणि तो हिसकावून घेता येतो, हे तिला मी शिकवलंय. शिक्षा करायची तर मला करा."

काकी माझ्याकडे बघत होत्या. ती डोकी त्यांच्याच घरची होती. बंद गिरणीच्या आवारातल्या मांजरांना घालते, असं सांगून मी ती मागून नेत होते, आणि त्या दर रविवारी कागदात बांधून ठेवायच्या.

"म्हंजे मांजरांका म्हणान न्हेलंस, ती डोकी हिका घातलंस?"

"हो, काकी."

"तीन म्हयने माका खोटा सांगलंस?"

"हो."

आयुष्यात इतकी शरम मला कधी वाटली नव्हती, आणि ती माइकसमोर, शंभर माणसांत, त्या फोटोच्या उजेडात.

सेक्रेटरी काकींकडे वळले. "काकी, लागलं तुम्हाला आहे. तुम्हीच सांगा. घरटं?"

काकींनी बँडेजवरून बोट फिरवलं. "पिल्लांनी काय केल्यानी? घरटां ऱ्हवांदे." मी श्वास सोडला, तो त्यांनी पाहिला. "तू हुश्श करू नको. पिल्लां उडान जायसर माझो बाजार तू हाडतलंस. रोज. ह्याच चौकातसून, चलत."

नारळवाला दुसऱ्या दिवशी आला आणि ते एक झाड सोडून बाकीच्या झाडांवरचे नारळ उतरवून गेला. तोवर मी मासळीबाजारात होते. मांदेली घेतली, जाड कापडी पिशवीत घातली आणि पिशवीचे बंद मनगटाला दोनदा गुंडाळले. अंगात प्रयोगशाळेतला एप्रन होता. तिला एक मासा जरी मिळाला तरी मी शिकवलेला धडा पक्का होणार, आणि पुन्हा पुन्हा रिकामं जावं लागलं तरच ती विसरणार, एवढं मला नक्की माहीत होतं. चौकाच्या तोंडाशी पाय थबकले. सगळ्या गॅलऱ्या भरल्या होत्या. भीती वाटत होती, पण मी चालू लागले.

नारळाखाली पोचले तेव्हा कानाशी वारा आला. नखं कापडात रुतली आणि हात खांद्यातून उखडतोय असा हिसका बसला. मी दुसऱ्या हातानेही पिशवी धरली.

"सोडू नको गो!" वरून काकी ओरडत होत्या. "पिशवी सोडू नको!"

मी सोडली नाही. घार दोनदा हिसकून रिकाम्या पायांनी वर गेली. एप्रनची बाही फाटली होती. मी जिना चढून काकींच्या दारात गेले आणि त्यांच्या हातात मांदेली दिली. त्यांनी ती मोजून बघितली, मग दार लावून घेतलं. पिल्लं उडायला अजून महिनाभर तरी होता, आणि उद्या काकींना बोंबील हवे होते.