हाकोमुशीची सातवी पिढी

आमच्या शिन्जो गावात खेळण्यांचं दुकान एकच, माझं. त्यामुळे कुराशिना यासुहेई दर सोमवारी माझंच डोकं खायचे. सकाळची बस डेपोत लावायची, ड्रायव्हरची टोपी काखेत धरायची आणि काउंटरपाशी येऊन विचारायचं, "सागाएसान, या आठवड्यात कुठला किडा बंद झाला?"

माणूस वेडा नव्हता. हाकोमुशी हा व्हिडिओ गेम आमच्याकडे पोराटोरांपासून पोस्टमास्तरांपर्यंत सगळे खेळतात. रानात हिंडायचं, किडे पकडायचे, डबीत पाळायचे. चार-पाच वर्षांनी नवी पिढी येते, म्हणजे नवं रान आणि नवे किडे. कधी येणार ते कंपनी लवकर सांगत नाही, म्हणून सगळा देश अंदाज बांधत बसतो. कुराशिनांचा अंदाज माझ्या घाऊक व्यापाऱ्याच्या यादीवर चालायचा. नवी पिढी यायच्या आधी जुन्या किड्यांच्या कापडी बाहुल्या एकेक करून बंद होतात. कुठली कधी बंद झाली हे ते वहीत मांडत. चौथी, पाचवी आणि सहावी पिढी कुठल्या शुक्रवारी येणार, हे त्यांनी जाहीर व्हायच्या आधीच सांगितलं होतं.

"काय ज्योतिषीबुवा, माझ्या सुनेला मुलगा की मुलगी, तेही सांगा की," मी म्हणायचे.

"यादी असेल तर सांगतो," ते म्हणायचे. हसायचे नाहीत.

प्रत्येक पिढीच्या गेमचे दोन वेगळे डबे निघतात, 'डोंगर' आणि 'समुद्र'. एकातले किडे दुसऱ्यात सापडत नाहीत. सगळे हवे असतील तर कुणाशी तरी अदलाबदल करावीच लागते. कुराशिना 'समुद्र' घ्यायचे, त्यांची मुलगी मिहोको 'डोंगर'. लहानपणी ती बापाच्या बसमध्ये पुढच्या सीटवर बसून अख्खी फेरी मारायची आणि किड्यांना थांब्यांची नावं ठेवायची. भुंग्याचं नाव 'जुना पूल', नाकतोड्याचं 'तांदूळ गिरणी'. नोकरीला सेंदाईला गेली तरी नव्या पिढीच्या पहिल्या दिवशी ती हटकून गावी यायची. बापलेक माझ्याच दुकानातल्या बाकावर बसून पहिली अदलाबदल करायचे.

पाच वर्षांपूर्वी मार्चमध्ये कुराशिनांची बायको वारली. त्या सकाळी डेपोने वायरलेसवर कळवलं, तब्येत बिघडलीय, लगेच जा. त्यांनी बदली ड्रायव्हर मागितला नाही. ती ज्या इस्पितळात होती त्याच्यासमोरच त्यांच्या बसचा थांबा आहे, नावही 'इस्पितळासमोर'. त्या सकाळी बस तिथे दोनदा थांबली. दारं उघडली, माणसं चढली, उतरली, दारं मिटली, आणि कुराशिना स्टिअरिंगवर बसून राहिले. "गाडीत बारा माणसं होती," असं नंतर म्हणाले.

अंत्यविधी उरकल्यावर मिहोको स्टेशनवर त्यांना म्हणाली, "बाबा, मला सध्या तुमच्याशी बोलवत नाही. पुढची पिढी आली की बघू." तेव्हापासून सातवी पिढी कधी येणार, हा प्रश्न त्यांच्यासाठी खेळातला राहिला नाही.

यात एक पाप माझं. हिरव्या नाकतोड्याची बाहुली खपत नव्हती, उन्हाने विटली होती, म्हणून मी मागवणं सोडलं. कुराशिनांनी विचारलं तेव्हा मी नुसतं म्हणाले, "तो आता येत नाही." त्यांना वाटलं, कंपनीनेच बंद केला. नववर्षाच्या कार्डावर त्यांनी मुलीला लिहिलं, या नोव्हेंबरात, तिसरा शुक्रवार. तिने रजा काढून ठेवली. काहीच आलं नाही, आणि पुढच्या नववर्षाला तिचं कार्डही आलं नाही.

मी खरं काय ते सांगितलं. वाटलं, आता तरी हा माणूस ओरडेल. त्यांनी वही उघडली. "पट्टी आहे का?" म्हणाले. पट्टी लावून ती ओळ सरळ खोडली आणि पट्टी परत दिली. मला इतका राग आला त्यांचा! शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

गेल्या मे महिन्यात एका यादीत एकदम नऊ बाहुल्या बंद झाल्या. "नोव्हेंबर, दुसरा शुक्रवार," कुराशिना म्हणाले. महिन्याभराने कंपनीने तीच तारीख जाहीर केली. त्यांनी मुलीला पोस्टकार्ड टाकलं आणि माझ्याकडे दोन्ही डबे राखून ठेवायला सांगितले.

त्या शुक्रवारी मी आठला दुकान उघडलं. कुराशिना दारातच होते, गणवेशात, कारण दोनची बस त्यांची होती. पोरं आली, पोस्टमास्तर आले, डबे घेऊन गेले. सेंदाईकडची दहाची गाडी आली, बाराची आली. मी चहा दिला, तो गार झाला.

"खेळा तरी तोवर," मी वैतागून म्हणाले.

त्यांनी 'समुद्र' सुरू केला, एक किडा पकडला. साडेबाराला पडद्यावर निरोप उमटला, कुणीतरी अदलाबदल मागतंय. आता त्यासाठी शेजारी बसावं लागत नाही, इंटरनेटवरून होतं. समोरून आलेला किडा 'डोंगर'मधला होता, काळा भुंगा. त्याचं नाव होतं 'इस्पितळासमोर'.

मी वाचलं, त्यांनीही वाचलं.

"बदल्यात आपला द्यावा लागतो ना?" त्यांनी मला विचारलं. हे त्यांनी मला विचारावं!

"हो. आधी त्याला नाव ठेवा."

एक-एक अक्षर शोधत त्यांनी नाव लिहिलं. 'उतरायला हवं होतं.' मग बटण दाबलं. किडा गेला. पडद्यावर नेहमीचं 'आभारी आहोत' आलं, बाकी काही नाही.

दीड वाजला तेव्हा त्यांनी डेपोला फोन लावला.

"कुराशिना बोलतोय. दोनच्या गाडीवर बदली माणूस द्या." पलीकडून काहीतरी विचारलं असावं. "नाही, आजारी नाही. सेंदाईला जायचंय."

तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी बदली मागितली होती. टोपी माझ्या काउंटरवर ठेवली आणि 'डोंगर'चा न उघडलेला डबा उचलला.

"कुराशिनासान, तो तिच्याकडे आहे हो आता," मी म्हणाले.

"असू दे," म्हणाले, आणि स्टेशनच्या दिशेने चालू लागले.