निळ्या डोळ्यांचा आडमुठा

धाकट्या भावाने सावंतवाडीहून कुत्र्याचं पिल्लू आणून दिलं, पांढरंशुभ्र, निळ्या डोळ्यांचं. देताना म्हणाला, "ताये, सगळा बरा आसा, फक्त आयकणा नाय हां." मी म्हटलं, "मेल्या, आमच्या घरात कोण कोणाचं ऐकतं!" दोघंही हसलो.

पण खरंच ऐकेना. डिचोलीच्या आमच्या अंगणात मी घसा बसेपर्यंत हाका मारायची, हा आपला पाठ करून बसलेला. पुढ्यात गेलं की मात्र शेपटी हलवत अंगावर उड्या. "मस्ती आलीय मेल्याला," म्हणून मी एकदा झाडू फेकून मारला. आठवलं की आजही स्वतःची चीड येते.

मग एका दुपारी तो झोपलेला असताना लेकीने पाठीवर हात ठेवला, आणि तो दचकून तिच्या बोटाला चावला. इंजेक्शनं घेताना पोर रडरड रडली. दुसऱ्याच दिवशी नवऱ्याने त्याला गाडीत घातलं. परत आल्यावर म्हणाला, "तुयेच्या कारखान्यावरच्या वॉचमनला दिला. मजेत राहील."

चार दिवसांनी गाईला बघायला गुरांचे डॉक्टर आले. बोलताबोलता कुत्र्याचा विषय निघाला, तर त्यांनी कपाळावर हात मारला. "पांढरा आणि निळ्या डोळ्यांचा? अहो बाई, अशी काही पिल्लं जन्मतःच बहिरी असतात. मागून हात लागला की घाबरतात, आणि घाबरली की चावतात."

मी तडक भावाला फोन लावला. "तुका ठावक होता?"

"मगे! सांगललंय ना तुका, आयकणा नाय म्हणान!" वर हसला. "नायतर तू घेतला असतंस काय?"

पाठच्या भावाने असं फसवावं! मी फोन आपटला.

नवरा जेवायला बसला होता. म्हटलं, "उद्या मला तुयेला न्या. मी त्याला परत आणणार. हाताच्या खुणांनी शिकवीन." तो नुसता भात चिवडत राहिला.

"अहो, तो बहिरा होता," मी म्हटलं.

तेव्हा कुठे त्याने खरं सांगितलं. तुयेत कुणी वॉचमन नव्हताच. मोपाच्या पठारावर, विमानतळाच्या रस्त्याला त्याने कुत्र्याला सोडलं होतं. चार दिवस हा माणूस माझ्या तोंडावर खोटं बोलत होता, आणि मी त्याला गरम गरम वाढत होते.

"गाडीमागे धावत होता," तो खाली बघत म्हणाला. "मागून बस आली. ड्रायव्हरने किती हॉर्न दिला. मला वाटलं, बाजूला होईल."