पहिला घाव
तापलेलं पोलाद तेलात बुडवल्यावर येणारा जळका वास आला, की मला जुन्नरच्या पेठेतलं आमचं लोहाराचं दुकान आठवतं. वडील ट्रकच्या जुन्या कमानपाट्यांपासून छिन्न्या बनवायचे. मी धातुशास्त्र शिकून कारखान्यात लागलो होतो, आणि एका सुट्टीत टंगस्टन घातलेल्या पोलादाची छिन्नी तिथल्याच यंत्रावर घासून घरी आणली. विहिरीच्या कामासाठी मढहून एक शेतकरी छिन्नी घ्यायला आला होता. त्याच्यासमोर मी वडिलांना म्हणालो, "भंगार तापवण्यात जन्म गेला तुमचा. ही बघा, हिची धार जायची नाही." वडिलांनी ती उलटीपालटी करून पाहिली. "लई कडक हाय. घाव सोसायची न्हाई." "तुम्हाला काय कळतंय त्यातलं," मी म्हणालो. शेतकरी हसला. नव्या हत्याराचा पहिला घाव लोहारानं स्वतः मारायचा, मगच ते गिऱ्हाइकाला द्यायचं, ही आमच्याकडची रीत. वडिलांनी दारातल्या काळ्या दगडावर छिन्नी टेकवून हातोडा मारला. काच फुटल्यासारखा आवाज झाला आणि ते डावा डोळा दाबून खाली बसले. बोटांमधून रक्त येत होतं. शेतकरी रिक्षा बघायला धावला. मी वाकून तुटकी छिन्नी उचलली आणि उजेडात धरली. तुटलेली बाजू दाणेदार, चकचकीत होती. टंगस्टननं कडकपणा वाढवला होता आणि चिवटपणा खाल्ला होता. मान वळवली, तर वडील उरलेल्या डोळ्यानं माझ्याकडं बघत होते. "बघून झालं असंल," ते म्हणाले, "तर दवाखान्यात चल." आता नमुने तोडून तपासणं हीच माझी नोकरी आहे. तुटलेला प्रत्येक तुकडा मी अजून तसाच उजेडात धरतो.