घरची भाषा, दारची भाषा

आमच्या घरात एक शिस्त आहे, कुणी घालून न दिलेली. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर कन्नड. दुर्गदबैलच्या बाजारात कापड घेताना, रिक्षावाल्याशी हुज्जत घालताना, शाळेत पोरांवर डाफरताना मी कन्नड बोलत आले. घरी येऊन चप्पल काढली की मराठी.

गेल्या उन्हाळ्यात लेकीकडे कॅनडात गेले. जावई तिथल्या खेड्यात डॉक्टर आहेत. गाव एवढंसं, की आपलं छोटंसं कलघटगी त्यापुढे शहर वाटावं. एक चर्च, एक शाळा, गव्हाची शेतं आणि दोन भाषांत पाटी लावलेलं पालिकेचं ऑफिस. वस्ती फ्रेंच बोलणाऱ्यांची. पहिल्याच दिवशी शेजारच्या म्हाताऱ्या बाई दारात आल्या आणि मी तोंडभर हसून म्हणाले, "बर्री, कूडरी." या, बसा. लेकीने कपाळावर हात मारला. काय करू? परकं माणूस दिसलं की माझ्या तोंडून कन्नडच येतं.

खरी पंचाईत नातीची होती. पाच वर्षांची पोर, मराठीचा गंध नाही. माझं इंग्रजी रजेच्या अर्जापुरतं. चार महिन्यांत ही मला ओळखणार तरी कशी, या धास्तीने मी लेकीशी दोनदा भांडलेही.

महिन्याभरात शेजारच्या बाईंशी मात्र माझं गूळपीठ जमलं. एकदा त्या केक घेऊन आल्या आणि मला फ्रेंचमध्येच काहीतरी रंगवून सांगू लागल्या. मला ओ की ठो कळेना. लेक म्हणाली, "आई, त्या आपल्या माणसांशीच फ्रेंच बोलतात की गं. बाहेरून आलेल्यांशी इंग्लिश." मी दिवसभर हवेत होते.

त्याच संध्याकाळी नात अंगणातून रस्त्याकडे पळाली. मी ओरडले, "बा इल्ली!" इकडे ये, तेही कन्नडमध्ये. ती थांबली, पण माझ्या काळजात चर्र झालं. परक्या बाईंनी मला घरात घेतलं होतं आणि मी माझ्याच नातीला उंबऱ्याबाहेर काढलं होतं. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून तिच्याशी फक्त मराठी, कळो न कळो. ती रुसली, तिने ताट ढकललं. मीही मास्तरीण, हटले नाही. शाळेतून आली की पहिला प्रश्न, "जेवलीस?" ती खांदे उडवायची. कन्नड मी बाईंच्या कुत्र्यासाठी ठेवलं. 'बा इल्ली' त्याला दोन दिवसांत कळलं. नात मात्र विमानतळावरही "बाय" म्हणाली. हात हलवत मी उणकलला घरी परतले, मनातून हरलेली.

परवा रात्रीचं जेवून उठले आणि व्हिडिओ कॉल आला. तिकडे सकाळ होती. नात अंगणात कुत्र्याला बोलावत होती, "बा इल्ली, बा इल्ली!" मग तिला पडद्यावर मी दिसले. ती जवळ आली, नाक पडद्याला लावलं आणि म्हणाली, "आजी, जेवलीस?"

जेवून धुतलेला माझा हात अजून ओला होता. तरी मी म्हणाले, "नाही गं अजून." तिने पुन्हा विचारावं म्हणून.